गरोदरपणातला मधुमेह आणि खनिजांच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ. गरोदर बायकांच्या ओपीडीत बसते. तिथे शुगरइतकेच प्रश्न गोळ्यांच्या पिशवीवर येतात. पिशवी टेबलावर उपडी केली की लोहाची एक स्ट्रिप निघते, कॅल्शियमच्या दोन (एक सरकारी, एक मेडिकलमधली, आत माल तोच), एक मल्टिव्हिटॅमिन, नणंदेने सुचवलेलं मॅग्नेशियम आणि तळाशी चिकट झालेली टॉनिकची बाटली. यातलं काय घ्यायचं, काय बाजूला ठेवायचं आणि कशाचा शुगरशी खरोखर संबंध आहे, ते इथे लिहिलं आहे. डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. हे वाचून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका, आणि बंद तर मुळीच करू नका.

माझ्या माहेरी-सासरी कोणालाच शुगर नाही. मग मला कशी आली? अंगात एखादं खनिज कमी पडलं म्हणून?

बहुतेक वेळा तसं नसतं. वार, म्हणजे प्लॅसेंटा, जसजशी वाढते तसतशी ती जास्त हार्मोन्स सोडते आणि त्यांच्यामुळे आईचं शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. बाळाला पुरेशी साखर मिळावी म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय आहे. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून वेळ निभावून नेतं. काहींचं तेवढं पुरं पडत नाही, आणि साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान रिपोर्टमध्ये ते दिसतं. आधीपासूनचं जास्त वजन, वाढतं वय, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा त्रास), मागच्या खेपेला आलेली शुगर आणि घरातला मधुमेह यांनी शक्यता वाढते.

मधुमेह असलेल्या गरोदर बायकांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी आढळतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण शुगर वाढली की लघवीवाटे मॅग्नेशियम जास्त जातं. तेव्हा कमी मॅग्नेशियममुळे शुगर आली की शुगरमुळे मॅग्नेशियम गेलं, हे नुसत्या रिपोर्टवरून कळत नाही.

ग्लुकोजच्या तपासणीच्या दिवशी सकाळी लोहाची गोळी घेतली तर चालेल?

आकडा बदलणार नाही, पण उलटी होऊ शकते. सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं असतं आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह धरतात. पोट रिकामंच हवं अशी अट या पद्धतीत नाही. मात्र प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा करावं लागतं. गोड पाण्यावर लोहाची मळमळ नको. त्या दिवशीची गोळी रात्री घ्या.

पहिल्या भेटीतली तपासणी चांगली आली म्हणून २४ ते २८ आठवड्यांतली चुकवायची नाही. दोन्ही करायच्या असतात, मध्ये निदान चार आठवड्यांचं अंतर ठेवून.

सरळ सांगा, कुठलं खनिज घेतलं की शुगर उतरते?

डॉक्टरांनी सांगितलेला आहार, चालणं आणि गरज पडल्यास मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन, यांच्या जागी घेता येईल असं एकही नाही. आता ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इंटरनेटवर नेमकं उलट वाचायला मिळतं आणि त्यात थोडं तथ्यही आहे.

इन्शुलिन पेशीच्या दारावर येतं तेव्हा आत जो निरोप जातो, त्या साखळीतल्या काही टप्प्यांना मॅग्नेशियम लागतं. जस्ताचा संबंध तर आणखी जवळचा आहे. स्वादुपिंडात इन्शुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र बांधून साठवलेले असतात. त्यामुळे ही खनिजं देऊन पाहावीत, असं संशोधकांना वाटणं साहजिक होतं. २०१५ च्या सुमारास इराणमधल्या काशान इथे गरोदरपणातला मधुमेह असलेल्या बायकांवर अशा बऱ्याच चाचण्या झाल्या. एकीत मॅग्नेशियम कमी असलेल्या बायकांना रोज २५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड सहा आठवडे दिलं. त्यांची उपाशीपोटीची शुगर सरासरी दहाएक अंकांनी उतरली, गोळी न मिळालेल्या गटाची उतरली नाही. जस्त आणि सेलेनियमच्या चाचण्यांतही असेच चांगले निकाल छापून आले.

इथवर वाचून लोक मेडिकलमध्ये जातात. पुढचं कोणी सांगत नाही. या चाचण्या लहान होत्या, पन्नास-सत्तर बायकांच्या. त्यांतल्या बऱ्याचशा एकाच गटाने केलेल्या होत्या, आणि त्या गटाच्या अनेक शोधनिबंधांतल्या आकड्यांवर नंतर वैद्यकीय नियतकालिकांनीच शंका नोंदवल्या. बाळाचं वजन किती, सिझेरियन किती, इन्शुलिन कितीजणींना लागलं, हे प्रश्न खऱ्या महत्त्वाचे आहेत. त्यांवर ठामपणे बोलता येईल एवढा मोठा पुरावा अजून नाही. मॅग्नेशियमच्या चाचणीतलं आणखी एक लक्षात घ्या: त्या बायकांच्या अंगात ते मुळातच कमी होतं. असलेली उणीव भरून काढणं आणि भरलेल्या भांड्यात आणखी ओतणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं मत विचाराल तर रक्तात मॅग्नेशियम खरंच कमी निघालं, किंवा रात्री पायात गोळे येतात म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं, तर खुशाल घ्या. शुगर उतरेल या आशेवर घेऊ नका. जास्त झालं तर आधी जुलाब होतात. अमेरिकेत गोळ्यांतून मिळणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम धरली आहे.

क्रोमियम तर खास शुगरसाठीच विकतात ना?

विकतात. १९७७ मध्ये टोरांटोत एका बाईला दीर्घकाळ शिरेवाटे अन्न दिलं जात होतं. तिला मधुमेहासारखी लक्षणं आली आणि क्रोमियम दिल्यावर ती गेली. तेव्हापासून हे नाव गाजतंय. पण ती परिस्थिती आपल्यापैकी कोणाचीही नाही. भाजी-भाकरी खाणाऱ्या माणसाला क्रोमियम कमी पडण्याचं कारण नाही. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर निरोगी माणसाला रोज किती क्रोमियम लागतं हा आकडा ठरवण्यातच अर्थ नाही, असा निष्कर्ष काढला. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने क्रोमियम पिकोलिनेट आणि मधुमेह यांचा संबंध ‘अत्यंत अनिश्चित’ ठरवला होता. गरोदरपणातल्या मधुमेहावर एक जुनी, तीसेक बायकांची चाचणी आहे. तेवढ्यावर पोटातल्या बाळाला हे द्यायला मी सांगणार नाही.

जस्त आणि सेलेनियम?

तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये जस्त असतंच, वेगळं नको. बरेच महिने जास्त घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. सेलेनियमच्या बाबतीत एक वळण आहे. अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगासाठी चाललेल्या एका चाचणीत लोकांना अनेक वर्षं रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं होतं. २००७ मध्ये त्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये मधुमेह जास्त झालेला आढळला. ज्या गोळीने शुगर उतरते म्हणतात, तिचीच ही दुसरी बाजू.

लोहाच्या गोळीने शुगर वाढते असं बहिणीने वाचलं. हिमोग्लोबिन ९ आहे. बंद करू का?

नको. हाच प्रश्न मला सगळ्यांत धोकादायक वाटतो, म्हणून थोडं थांबून सांगते.

हे वाचलेलं अगदी हवेतलं नाही. ज्यांच्या शरीरात लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, जास्त असतं त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह जास्त दिसतो, असे अभ्यास आहेत. पण फेरिटिन शरीरात सूज असली तरी वाढतं आणि जास्त वजनात ती सूज असतेच. मग गोळी देऊन पाहायला हवी. हाँगकाँगमध्ये ते करून पाहिलं. २००९ साली छापलेल्या त्या अभ्यासात साडेअकराशेहून जास्त गरोदर बायका होत्या. अर्ध्या जणींना रोज ६० मिलिग्रॅम लोह दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. मधुमेहाच्या प्रमाणात फरक पडला नाही. ६० मिलिग्रॅम हीच मात्रा आपल्या सरकारी लाल गोळीत आहे, सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस.

देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ५२.२ टक्के निघाला. हिमोग्लोबिन ९ घेऊन बाळंतपणाला जाणं आणि तिथे रक्तस्राव होणं, हा धोका खरा आहे. शुगरच्या भीतीने तो ओढवून घेऊ नका.

एक अपवाद सांगते. महिनोन्‌महिने गोळी घेऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नसेल तर डोस वाढवत बसण्याऐवजी फेरिटिन आणि थॅलेसेमिया मायनरची तपासणी करून घ्या. थॅलेसेमिया मायनर हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष. त्यात रक्त कमी दिसतं, पण लोहाचा साठा पुरेसा असू शकतो. असं निघालं तर नवऱ्याचीही तपासणी लागेलच.

रक्त कमी असलं तर शुगरचा रिपोर्ट चुकतो का?

चुकू शकतो. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी ही तपासणी लाल पेशींवर चालते. लोहाच्या कमतरतेत ती खोटी जास्त येते, आणि गोळ्या सुरू झाल्या की शुगर तशीच राहूनही उतरते. दुसरीकडे, गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलत असल्याने हाच आकडा खोटा कमी येतो. दोन चुका उलट दिशांना ओढतात. म्हणून या नऊ महिन्यांत एचबीएवनसीवर विसंबून औषध ठरवत नाहीत. बोट टोचून घेतलेले रोजचे आकडे खरे.

त्यातही एक बारकी गोष्ट आहे. रक्त फारच पातळ असेल तर काही ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. हिमोग्लोबिन खूप कमी असेल आणि घरचे आकडे पटत नसतील, तर लॅबमध्ये रक्त देता त्याच वेळी घरच्या मशीनवरही बोट टोचा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. आणि टोचण्याआधी हात साबणाने धुवा. आंबा कापून झाल्या झाल्या तपासलेली शुगर पाहून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग आकडे किती हवेत?

उपाशीपोटी ९५ च्या आत. जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून एका तासाने १४० च्या आत, किंवा दोन तासांनी १२० च्या आत. साधारण दोन आठवडे आहार आणि चालणं करूनही हे जमलं नाही तर औषध सुरू करतात.

गोळी गिळवत नाही. टॉनिक किंवा सिरप घेतलं तर?

बाटली फिरवून मागचं बारीक छापलेलं वाचा. सुक्रोज, लिक्विड ग्लुकोज, किंवा नुसतं ‘फ्लेवर्ड सिरप बेस’ असं लिहिलेलं असतं. साखरेच्या पाकातलं सिरप असेल तर १५ मिलीच्या एका डोसातून एक-दोन चमचे साखर जाऊ शकते, तीही दिवसातून दोनदा. चहातली साखर सोडलेली बाई लोहाच्या सिरपमधून ती परत घेत असते आणि सकाळी आठचा आकडा का चढतो याचं कोडं घरात कोणालाच सुटत नाही. साखरविरहित सिरप मिळतं, त्यात बहुधा सॉर्बिटॉल असतं. ते जास्त झालं तर पोट बिघडतं, पण शुगरला तितकं बाधत नाही. चघळायच्या कॅल्शियमचंही तेच. चव चॉकलेटसारखी लागली की संशय घ्या.

गरोदर मातांसाठी म्हणून मिळणारी दुधात घालायची पावडर याच पंक्तीतली. डब्यावर ‘अमुक इतकी पोषणद्रव्ये’ मोठ्या अक्षरांत असतं, आणि मागे घटकांच्या यादीत साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर. प्रोटीन कमी पडत असेल तर वाटीभर जास्त उसळ, अंडं, पनीर, मासे.

परदेशात असलेल्या मैत्रिणींनो, तिथल्या प्रेग्नन्सीच्या गमीज साखरेच्या तर असतातच, पण बहुतेकींत लोहही नसतं. गोळ्या सुरू आहेत असं समजून लोहच राहून जातं.

लोह, कॅल्शियम, थायरॉईड, सगळं कधी घ्यायचं? डोकं चक्रावलंय.

भांडण तिघांचंच आहे. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, आणि ही दोन्ही थायरॉईडच्या गोळीला शोषू देत नाहीत. म्हणून लोह आणि कॅल्शियममध्ये निदान दोन तास ठेवा, आणि थायरॉईडच्या गोळीपासून या दोन्हींना चार तास.

घड्याळावर असं बसतं. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी, मग अर्ध्या-पाऊण तासाने चहा-नाश्ता. दुपारच्या जेवणासोबत एक कॅल्शियम, रात्रीच्या जेवणासोबत दुसरं. सरकारी वेळापत्रकातही कॅल्शियम दोनदाच आहे: १४ व्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅम, प्रत्येक गोळीत २५० युनिट व्हिटॅमिन डी. दोन्ही एकदम घेऊन ‘काम संपलं’ करू नका, एका वेळी शरीर थोडंच शोषतं. लोह मधल्या वेळी, दुपारच्या कॅल्शियमनंतर तीनेक तासांनी. त्या वेळी चहाची तलफ येते हे मला माहीत आहे. चहा तासभर पुढे ढकला, नाहीतर लोह चहाबरोबर वाया जातं.

लोह लिंबाबरोबर घ्यायला सांगतात ते बरोबर आहे. पण घरोघरी त्याचं लिंबू सरबत होतं आणि त्यात तीन चमचे साखर पडते. अर्धं लिंबू पाण्यात पिळून, चिमूटभर मीठ घालून प्या. नाहीतर आवळा खा, मोरावळा नको.

शौचाला खडा होत असेल तर इसबगोल चालतं. फक्त गोळ्यांबरोबर नको, आणि संत्र्याच्या चवीचं नको, त्यात पुन्हा साखर.

एका स्ट्रिपवर १२५० लिहिलंय, दुसरीवर ५००. ताकदीची कुठली?

बहुधा दोन्ही सारख्याच. १२५० मिलिग्रॅम हे कॅल्शियम कार्बोनेटचं वजन आहे, त्यात खरं कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५००. ‘एलिमेंटल’ या शब्दापुढचा आकडा तेवढा पाहायचा. जस्ताचंही तसंच आहे. २३३ मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेटमध्ये जस्त फक्त ३० मिलिग्रॅम असतं. हा हिशेब न कळल्यामुळेच पिशवीत दोन-दोन कॅल्शियम जमतात. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, सायट्रेट कधीही चालतं.

गोळ्यांऐवजी खाण्यातून नाही का भागणार? सासूबाई नाचणी आणि गूळ-शेंगदाणे दे म्हणतात.

सासूबाई निम्म्या बरोबर आहेत.

नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, तृणधान्यांत तिची बरोबरी कोणी करत नाही. पण तिची भाकरी करा. नाचणीचं सत्त्व भिजवून, वाटून, गाळून काढलेलं असतं. त्याची दूध-गूळ घातलेली खीर प्यायली की तासाभरात आकडा दिसतोच. तीच नाचणी भाकरीत मेथीच्या भाजीबरोबर आणि ताकाबरोबर खाल्ली तर बरीच सावकाश चढते. भाकरी एकच, मोजून.

मॅग्नेशियम हवं असेल तर मेडिकलऐवजी पिठाच्या डब्याकडे बघा. ज्वारी, बाजरी, नाचणी, सबंध गहू यांत १०० ग्रॅमला साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात वीसच्या आसपास. कोकणात आणि गोव्यात दोन्ही वेळेला भातच असतो, तिथे रात्रीचा भात कमी करून एक भाकरी घेतली तर शुगर आणि मॅग्नेशियम दोन्हींचं काम होतं. इन्शुलिन सुरू असेल तर हा बदल सांगून करा, नाहीतर शुगर फार खाली जाईल. राजगिऱ्यात मॅग्नेशियम याहूनही जास्त आहे, पण उपवासाला त्याचा लाडू नको, राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी करा. शिवाय तिळाची किंवा जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया.

आता गूळ. गुळात लोह असतं म्हणून तो चालतो, हा समज काही केल्या जात नाही. १० ग्रॅमच्या खड्यात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह असतं आणि जवळजवळ सगळी बाकी साखर. गोळीत ६० मिलिग्रॅम. खजूर, मध, खडीसाखर, सगळी एकाच घरची. शेंगदाणे घ्या, गूळ ठेवा. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू गरोदरपणात नकोतच. बाळंतपणानंतरही शुगर तपासून मगच, आणि गूळ आवरून.

लोहाची गरज मात्र नुसत्या जेवणातून भागत नाही, हे स्वच्छ सांगते. पालेभाजीतलं लोह थोडंच शोषलं जातं. आहार कितीही चांगला असला तरी लाल गोळी हवीच.

सैंधव मीठ आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी?

सैंधवात खनिजं आहेत, पण इतकी कणभर की उपयोग व्हायचा तर मीठ मुठीने खावं लागेल. खरा तोटा वेगळा आहे. सैंधवात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं आणि बाळाच्या मेंदूला ते लागतंच. गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरा. तांब्याच्या पाण्याने शुगर उतरत नाही. प्यायचंच तर त्यात लिंबू पिळू नका.

आमच्या ओळखीचे वैद्य भस्म देतात, मधुमेहावर अनेकांना गुण आला म्हणे.

गरोदरपणात नको. मधुमेहात दिल्या जाणाऱ्या वसंतकुसुमाकर रसात सोन्या-चांदीबरोबर वंग आणि नाग भस्मही असतं. वंग म्हणजे कथील आणि नाग म्हणजे शिसं. शिसं वारेतून बाळाकडे जातं आणि त्याच्या मेंदूला बाधतं. जुन्या पद्धतीने नीट शुद्ध केलेलं आहे असं सांगितलं जातं. पण बाजारातल्या पुडीत काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दक्षिण आशियाई दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. तुम्ही आधीपासून असं काही घेत असाल तर लपवू नका. डॉक्टर रागावतील, मग रक्तातलं शिसं तपासतील. ते परवडलं.

मायो-इनॉसिटॉल माझ्या पीसीओएससाठी सुरू होतं. चालू ठेवू?

ते खनिज नाही, साखरेच्या जवळचं रसायन आहे. ‘खनिजं’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत बऱ्याचदा ते असतं, म्हणून इथे घेतलं. गरोदरपणातला मधुमेह टळावा म्हणून इटलीत त्याच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आणि सुरुवातीचे निकाल उत्साह वाढवणारे होते. पण सगळा पुरावा एकत्र तोलणाऱ्यांना तो अजून कच्चा वाटतो. डॉक्टरांना विचारून ठरवा. त्यावर विसंबून शुगर तपासणं मात्र थांबवू नका.

फॉलिक अॅसिड जितकं जास्त तितकं चांगलं ना?

याचं उत्तर आपल्या पुण्याजवळच मिळालं आहे. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या बायकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्या आयांचं फोलेट (म्हणजे रक्तातलं फॉलिक अॅसिड) जास्त आणि बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. याच अभ्यासातून दिसायला बारीक पण अंगात चरबी असलेलं आपलं बाळ जगाला कळलं.

याचा अर्थ फॉलिक अॅसिड बंद करा असा नाही. पहिल्या तीन महिन्यांत ते बाळाच्या मणक्यासाठी लागतंच. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा आणि कमी असेल तर भरून काढा. मेटफॉर्मिन बराच काळ घेतलं तर बी-१२ आणखी कमी होतं, तेव्हा पीसीओएससाठी वर्षानुवर्षं ते घेतलेल्यांनी हे विसरू नये. ५ मिलिग्रॅमची फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टर विशिष्ट कारणासाठी देतात. ती मनाने पुढे चालू ठेवू नका.

इन्शुलिन टाळायचं आहे. सगळी खनिजं नेमाने घेतली तर टळेल?

टळणार नाही. आणि इन्शुलिनची भीतीही अनाठायी आहे. इन्शुलिन वारेतून बाळाकडे जात नाही. मेटफॉर्मिन जातं, तरी तेही वापरलं जातं. इन्शुलिन लागलं म्हणजे आयुष्यभर लागणार असंही नाही, बहुतेकींचं बाळंतपण होताच थांबतं. ‘आणखी पंधरा दिवस गोळ्या घेऊन बघते’ असं म्हणताना बाळ त्या जास्त साखरेवर वाढत असतं. ते मोठं होतं, खांदा अडकतो, जन्मल्यावर त्याची शुगर एकदम खाली जाते.

इन्शुलिन सुरू असताना कधी थरथर, घाम, अंधारी आली आणि आकडा ७० च्या खाली असला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तेव्हा गोड खाल्लं म्हणून कोणी रागावणार नाही.

बीपी वाढलं म्हणून मावसबहिणीला मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं. मग मला गोळी का नाही?

ते मॅग्नेशियम सल्फेट. बीपी धोक्याच्या पातळीला जाऊन झटके येण्याची भीती असते, तेव्हा ते दवाखान्यात लक्ष ठेवून देतात. शुगरशी त्याचा संबंध नाही आणि गोळीने ते काम होत नाही.

हे सगळं सरकारी दवाखान्यात मिळतं?

लोह आणि कॅल्शियम उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं, आशाताईंकडे विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी शुगर तपासा असं तोंडाने सांगा, गर्दीत राहून जातं. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी पुढच्या घेऊन ठेवा.

बाळंतपणानंतर गोळ्या बंद ना?

शुगरचं औषध बहुधा बंद होतं. लोह आणि कॅल्शियम मात्र आणखी सहा महिने चालू, अंगावर पाजत असाल तर नक्कीच. आणि सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा, या वेळी उपाशीपोटी. बाळाची लस ठरलेल्या दिवशी होते, आईची ही तपासणी राहते. गरोदरपणात शुगर आलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात ते दहा पटींनी जास्त असते. म्हणून बाळाला सहा आठवड्यांच्या लसीला नेता त्याच सकाळी चहा न घेता निघा आणि स्वतःचंही रक्त देऊन या.